आधी वाक्य ऐकू आलं पाहिजे

नमस्कार मंडळी.

आजचा विषय कमी खर्चातलं होम थिएटर. मी त्याला आधी एक आकडा लावतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. वीस हजार रुपये. घरात टीव्ही आहे, बहुतेक माळ्यावर पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर असलेला जुना सेटही पडून आहे, आणि ठाण्यातल्या नाहीतर ऐरोली-नेरुळकडच्या फ्लॅटमधला दहा बाय पंधराचा हॉल आहे. एवढ्या सामग्रीत चांगला आवाज मिळतो. कसा, ते सांगतो.

माझ्याकडे येणाऱ्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, 'बेस कमी पडतो.' घरी जाऊन बघावं तर आजी टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसलेल्या असतात आणि रिमोट सतत कुणाच्या तरी हातात असतो. पात्रं बोलायला लागली की आवाज वाढवायचा, गाणं किंवा मारामारी आली की घाईघाईने कमी करायचा. अशा घरात बेस वाढवून काय होणार? तिथे माणसांना संवाद समजत नाहीये. आपण नाटक बघणारे लोक. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचलं नाही तर प्रेक्षक 'आवाज, आवाज' म्हणून ओरडतात, आणि ते ओरडणं योग्यच असतं. घरातल्या माणसांचाही तेवढाच हक्क आहे. म्हणून माझं सांगणं असं की पैसा आणि मेहनत आधी संवादावर घाला, धडाम-धुडूमचं नंतर बघू.

आपल्या बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. 'पाच', 'पास', 'पात' या तिन्हींतला 'आ' दणक्यात येतो. पण शेवटी च होता, स होता की त, हे ज्या आवाजावरून कळतं तो फार हलका असतो आणि साधारण दोन हजार हर्ट्झच्या वरच्या पट्टीत असतो. वय वाढतं तशी ऐकण्यातली हीच वरची बाजू आधी कमी होते. त्यात आजचे टीव्ही पातळ, त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले. म्हणजे ती हलकी व्यंजनं आधी भिंतीवर आपटतात आणि मग आपल्याकडे येतात. आजींचे कान बिघडलेत असं म्हणण्याआधी हे एकदा तपासून बघा.

आता खोलीकडे येऊ. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधून तयार झालं आणि लक्षात आलं की तिथे व्याख्यानच ऐकू येत नाही. एक शब्द बोलला की तो पाच-साडेपाच सेकंद खोलीत घुमत राहायचा, तोवर पुढचे दहा-पंधरा शब्द येऊन त्यात मिसळायचे. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला हे दुरुस्त करायला सांगितलं. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून या हॉलमध्ये आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. मग गाद्या वाढवत नेऊन पुन्हा मोजलं. खोली किती मोठी आणि तिच्यात आवाज शोषणारं सामान किती, यावरून घुमण्याचा काळ काढायचं सूत्र त्यातून निघालं. ते आजही वापरतात. मोजमापाचं एकक म्हणून त्याने काय घेतलं, तर उघडी खिडकी! जेवढी उघडी खिडकी तेवढं पूर्ण शोषण, कारण खिडकीबाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

ही हकीकत आपल्याला कामाची आहे, कारण आपले नवे हॉल त्या व्याख्यानगृहाचेच धाकटे भाऊ आहेत. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला अख्खी काचेची स्लायडिंग खिडकी, आणि 'मोकळं मोकळं छान दिसतं' म्हणून सामान कमी. घरी गेल्यावर सोफ्यावर बसून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागोमाग झिंग् असा पत्र्यासारखा आवाज आला, तर हजारांचा स्पीकर आणा की लाखाचा, व्यंजनांवर ही झिंग चढणारच. सॅबिनसारखी उघडी खिडकी आपल्याला परवडत नाही, बाहेर रिक्षांचे हॉर्न आहेत. गाद्या मात्र परवडतात. टीव्ही आणि सोफ्याच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा घाला. खिडकीला पातळ जाळीच्या पडद्याऐवजी जाड पडदा चुण्या पाडून लावा, म्हणजे कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घ्या. सोफ्यामागे, डोक्याच्या उंचीवर, भिंतीपासून थोडी सुटी ठेवून एखादी जाड गोधडी टांगा. आजीच्या हातची असेल तर घराला शोभाही येईल. उघडं पुस्तकांचं कपाट असेल तर फारच चांगलं, ते आवाज थोडा शोषतं आणि उरलेला विखुरतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायची टूम अजून चालू आहे. ते करू नका. तो पातळ पुठ्ठा काही म्हणण्यासारखं शोषत नाही आणि आग पकडतो.

इथपर्यंत खर्च जवळजवळ शून्य. अजून एक फुकटचं काम आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल ऑडिओ आउट' शोधा. तिथे 'पीसीएम' निवडलेलं असेल आणि टीव्हीपासून होम थिएटरला ऑप्टिकल वायर गेली असेल, तर त्या वायरीतून दोनच चॅनल, म्हणजे आवाजाचे दोनच वेगळे प्रवाह जातात. पाच स्पीकर लावलेत आणि सिनेमाचे मूळ पाच चॅनल टीव्हीपाशीच अडकलेत, अशी घरं मी कितीतरी बघितली आहेत. ते 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या पेटीच्या, पट्टीवर 'डॉल्बी डिजिटल' अक्षरं उमटली की समजा, सेंटर स्पीकरला आता त्याचा स्वतःचा आवाज मिळतोय. ५.१ च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर यांच्यासाठी केलेल्या मिश्रणात संवादांचा मोठा भाग याच मधल्या स्पीकरमध्ये भरलेला असतो.

त्या सेंटरला आपण कसं वागवतो? टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात आत ढकलतो, शेजारी सेटटॉप बॉक्स, वर फोटोफ्रेम. कप्पा डब्यासारखा घुमतो आणि आवाज निघतो थेट आपल्या गुडघ्यांच्या दिशेने. स्पीकर कप्प्याच्या अगदी कडेला आणा, पुढच्या बाजूला खाली दाराला लावायचा रबरी अडसर सरकवा म्हणजे तोंड वर होऊन कानाकडे येईल, आणि रिसीव्हरमध्ये सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा. रात्रीसाठी 'नाइट मोड' असतो, तोही लावा. त्याने मोठे आवाज दबतात, बारीक आवाज वर येतात आणि रिमोटला सुट्टी मिळते.

वायरींबद्दल थोडक्यात सांगतो. महागड्या स्पीकर वायरीवर पैसे घालू नका. आपल्या हॉलमधल्या अंतराला हार्डवेअरच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी लवचीक वायर पुरते. मात्र प्लस-मायनस नीट बघा. पुढच्या दोनपैकी एक स्पीकर उलटा जोडला गेला तर बेस पातळ होतो आणि मधून यायला हवा तो आवाज कुठून येतोय ते कळेनासं होतं. स्पीकरवरच्या खुणा पुसल्या असतील तर त्याची वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल तिच्या टोकांना क्षणभर टेकवा. जाळी काढून बघितलं तर स्पीकरचा कागदी कोन हलताना दिसतो. तो बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार ती प्लस. तिला गाठ मारून ठेवा.

आता वीस हजारांकडे येऊ.

दुकानात पेटीवर भलेमोठे वॅटचे आकडे असतात, 'पीएमपीओ' म्हणून. त्याकडे दुर्लक्ष करा आणि 'आरएमएस', म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते विचारा. तिथेही भुलू नका. पन्नासाचे शंभर वॅट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात, कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये आपण ऐकतो तेव्हा स्पीकरला बहुतेक वेळ दोन-चार वॅटही पुष्कळ होतात.

'अ‍ॅटमॉस' लिहिलेला साउंडबार घ्यावा का, असं काहींनी मघाशी विचारलं. डोक्यावरूनही आवाज आल्यासारखा वाटावा म्हणून डॉल्बीने अ‍ॅटमॉस २०१२ साली आणलं आणि चांगल्या थिएटरमध्ये ते खरोखर सुंदर आहे. घरच्या बारमधले वर तोंड केलेले स्पीकर छतावरून आवाज परतवतात, त्यासाठी छत सपाट आणि कोरं लागतं. आपल्याकडे पीओपीच्या पायऱ्या, पंखा आणि झुंबर. या बजेटमध्ये मी त्या अक्षरांसाठी पैसे मोजणार नाही.

मी काय करीन? जुना, नामांकित कंपनीचा सेकंडहँड एव्ही रिसीव्हर शोधीन. त्यांची किंमत का पडली आहे ते समजून घ्या. असे बरेच जुने रिसीव्हर फोर-केचं चित्र पुढे पाठवू शकत नाहीत, म्हणून लोक ते काढून टाकतात. पण चित्र त्यातून न्यायची गरजच काय? सगळं थेट टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून फक्त आवाज रिसीव्हरला द्या, ऑप्टिकलने किंवा एआरसी (टीव्हीतून आवाज परत देणारी सोय) लिहिलेल्या एचडीएमआयने. एआरसी २००९ सालच्या एचडीएमआय १.४ पासून आहे, ऑप्टिकल तर तोशिबाने १९८३ मध्येच आणली. चित्राची बाजू जुनी होते, अ‍ॅम्प्लिफायर तसा होत नाही.

उरलेल्यातला मोठा वाटा पुढच्या दोन बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणाऱ्या स्पीकरवर घालीन आणि सध्या पाचाच्या नादी लागणार नाही. रिसीव्हरमध्ये 'सेंटर नाही' असं सांगितलं की तो संवाद दोघांत सारखे वाटतो आणि समोर मध्ये बसणाऱ्याला ते टीव्हीतूनच आल्यासारखे वाटतात. बाजूला बसणाऱ्याला तितकं नाही, म्हणून पुढच्या दिवाळीला त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला सेंटर घ्यायचा. जुन्या सेटचे छोटे स्पीकर मागे सराउंडला चालतील का? चालतील, पण मागची चिठ्ठी वाचा. अशा बऱ्याच सेटचे स्पीकर तीन-चार ओहमचे असतात आणि रिसीव्हर सहा-आठ ओहमसाठी बनवलेला असतो. तो तापतो, बंद पडतो. शंका असेल तर लावू नका.

वूफर शेवटी. त्यात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर जुनाच चालेल, फक्त जागा बदला. आवाजाची लाट सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जाते, त्या हिशेबाने पंधरा फुटांच्या लांबीत ३७-३८ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमू लागते. हा घुमारा भिंतीजवळ सगळ्यात जोरात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा. म्हणून एकाच घरात एकाला बेस जास्त वाटतो, दुसऱ्याला कमी, आणि दोघंही खरं बोलत असतात. वूफर उचलून तुमच्या सोफ्यावरच्या जागेवर ठेवा, तंबोरा किंवा पखवाज असलेलं, खर्जातलं काहीतरी लावा आणि भिंतीच्या कडेकडेने कान खाली करून फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा, स्वच्छ ऐकू येईल तिथे वूफर ठेवायचा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज वूफरकडे जातो ती सीमा, ऐंशी हर्ट्झवर लावा. जमलं तर सोफा भिंतीपासून फूटभर पुढे घ्या.

आणि वूफरखाली रबराची जाड मॅट घालाच. स्लॅबमधून जाणारी थरथर खालच्या घराला तुमच्या संवादांपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, पण मी सांगतोय ते खालच्या घरातल्या दहावीच्या मुलासाठी. दहानंतर वूफर बंद, नाइट मोड चालू. सेंटर नीट लावलेला असेल तर सिनेमा तरीही पूर्ण समजतो.

सेकंडहँड माल बघायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा जवळपास कुणी विकत असेल त्याच्या घरी, पण आपल्या पाठ असलेल्या संवादाचा एक तुकडा फोनमध्ये घेऊन जा. तो आवाज अगदी हळू करून ऐका. प्रत्येक चॅनलला एकच स्पीकर आळीपाळीने लावून बघा, आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का ते ऐका, आणि अर्धा तास चालू ठेवून वरून हात लावा. विकणारा घाई करत असेल तर उठून या.

मी इथे थांबतो. ज्यांनी हॉलची मापं आणि सोफा-टीव्हीच्या जागा कागदावर काढून आणल्यात त्यांनी आधी पुढे यावं, बाकीच्यांचे प्रश्न त्यानंतर घेऊ.