हीटर घेण्याआधी भिंतीतला सॉकेट बघा

(निफाड तालुक्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, निफाडकरांना थंडीबद्दल मी काय सांगणार? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहावर उतरला की राज्यभरच्या पेपरांत तुमच्या तालुक्याचं नाव येतं. मणी तडकू नयेत म्हणून तुम्ही रात्र रात्र जागून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवता. बागेची एवढी काळजी घेणारी माणसं घरातल्या आजीसाठी हीटर आणायला मात्र घाईघाईत जातात आणि दुकानदार जो पुढे करेल तो उचलून आणतात. मी पस्तीस वर्षं घरांची, दुकानांची वायरिंगची कामं केली. या घाईचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय, म्हणून आज आलोय.

दुकानात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, ‘याला लाइट कमी लागते आणि खोली जास्त गरम होते.’ कॉइल, रॉड किंवा तेलाच्या हीटरबाबत हे शक्यच नाही. तारेतून वीज गेली की किती उष्णता निघते, त्याचा नियम जूलने १८४०च्या सुमारास मांडला, तो अजून तोच आहे. २००० वॅटचा हीटर, मग तो दोन हजारांचा असो नाहीतर बारा हजारांचा, पूर्ण ताकदीने तासभर चालला तर दोन युनिट खाणार आणि दोन युनिटांचीच उष्णता देणार. किंमत वाढते ती बांधणीची, आवाज कमी असण्याची, सुरक्षिततेची. उष्णता काही वाढत नाही.

मग हीटर-हीटरमध्ये फरक कसला? ती उष्णता जाते कुठे, याचा.

एक हिशेब करून बघू. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यातल्या हवेचं वजन किती असेल? साधारण ३४ किलो. एवढी हवा दहा अंशांनी तापवायला २००० वॅटच्या हीटरला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तरी तुमचा अनुभव असा की तासभर लावूनही खोली गारच वाटते. कारण भिंती, फरशी, स्लॅब रात्रभर गारठलेले असतात आणि ते ती ऊब पीत राहतात. उरलेली दाराखालच्या फटीतून निघून जाते. म्हणून माझं पहिलं सांगणं, दाराखाली जुनं पोतं किंवा गोधडी सरकवा, खिडकीला जाड पडदा लावा. हे हीटर आणण्याच्या आधी करा, एक पैसा लागत नाही.

आता प्रकार. हॅलोजनचा किंवा रॉडचा हीटर उन्हासारखा असतो. हवेला तो फारसं तापवत नाही, समोर बसलेल्या माणसाला तापवतो. पतसंस्थेत काउंटरवर एकटा कारकून बसलाय, हॉल मोठा आहे, दार सारखं उघडतंय, तिथे अख्खा हॉल तापवायला जाणं म्हणजे वीज रस्त्यावर ओतणं आहे. तिथे ४०० किंवा ८०० वॅटचा हॅलोजन त्या एका माणसासाठी पुरतो. ब्लोअर हवा झटपट गरम करतो. सकाळी अंघोळीनंतर कपडे बदलण्यापुरती खोली उबदार करायची असेल तर तो चांगला, फक्त बाथरूममध्ये नेऊ नका. पण त्याचा आवाज होतो आणि बंद केला की ऊब लगेच जाते. रात्रभर झोपेच्या खोलीत ठेवायचा असेल तर मी तेलाचा रेडिएटरच सांगेन. त्यातलं तेल सीलबंद असतं, जळत नाही, पुन्हा भरावं लागत नाही. तापायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो, पण आवाज नाही, उजेड नाही, लालबुंद तार उघडी नाही. थर्मोस्टॅट असला की खोली तापल्यावर तो आपोआप बंद-चालू होत राहतो. खरी बचत होते ती त्या थर्मोस्टॅटने.

बिलाचंही बोलू. २००० वॅट, रोज पाच तास, महिनाभर, झाले ३०० युनिट. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, १०० युनिटांनंतर एक पायरी, ३००नंतर पुढची. हीटरचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापरावर चढून बसतात, म्हणजे ते महागाच्या पायरीवरच मोजले जातात. ज्यांच्या घरी गरम हवाही देणारा एसी आहे त्यांनी तो लावावा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, म्हणून एका युनिटात साधारण तिप्पट ऊब देऊ शकतो.

आता ज्यासाठी मी खरा आलोय ते. हा बघा, हा प्लग मी गेली कित्येक वर्षं जपून ठेवलाय. आई आजारी होती, डिसेंबरची थंडी होती. २००० वॅटचा ब्लोअर आणला. तिच्या पलंगाजवळ सहा अँपिअरचाच सॉकेट होता, हीटरला मात्र सोळा अँपिअरचा मोठा तीन पिनी प्लग. मी स्वतः वायरमन, तरी मधे कन्व्हर्जन प्लग लावून दिला, दोन दिवसांचाच प्रश्न आहे म्हणून. २००० भागिले २३०, म्हणजे पावणेनऊ अँपिअर, सहाच्या सॉकेटमधून. तिसऱ्या रात्री आईनेच हाक मारली, ‘अरे, मासळीसारखा वास येतोय.’ प्लास्टिक भाजत असलं की बऱ्याचदा असाच वास येतो. बघतो तर सॉकेट तपकिरी होऊन फुगला होता आणि पडदा वीतभर अंतरावर होता.

फ्यूज उडाला नव्हता. हे नीट ध्यानात घ्या. फ्यूज काय, एमसीबी काय, प्रवाह मर्यादेबाहेर गेला तरच तोडतो. इथे प्रवाह पावणेनऊच होता, तापत होता तो पिनेचा सैल सांधा. आणि प्रवाह दुप्पट झाला की सांध्यातली उष्णता चौपट होते. म्हणून मोबाइलच्या चार्जरला वर्षानुवर्षं चाललेला सॉकेट हीटरला एका रात्रीत जळतो. १००० वॅटपर्यंतचा हीटर सहाच्या चांगल्या सॉकेटवर चालेल. त्यापुढे सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, त्याला निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि खरंखुरं अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्ड नाही. इन्व्हर्टरच्या लाइनवर तर नाहीच. घरात असा पॉइंट नसेल तर हीटरच्या पैशांत पॉइंटचे पैसे धरा. तेवढी ऐपत नसेल तर ८०० वॅटचा घ्या आणि अंगावर एक गोधडी जास्त घ्या.

विकत घेताना आयएसआय खूण बघा, आणि दुकानातच हीटर चालू असताना थोडा कलता करायला सांगा. पडला की आपोआप बंद व्हायला हवा.

मघाशी एका काकांनी विचारलं, हीटर खोलीतला ऑक्सिजन खातो का? विजेचा हीटर खात नाही, त्यात काही जळतच नाही. ऑक्सिजन खाते ती कोळशाची शेगडी, आणि बंद खोलीत ती कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. अंगणातली शेकोटी अंगणातच राहू दे. हवा कोरडी वाटते हे खरं, घसा सुकतो, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा.

मधुमेह असलेल्यांनी हॅलोजन पायाशी ठेवू नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, भाजलेलं सकाळी कळतं. रोज एकाच जागी जवळून शेक घेतला तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात, ते दिसले की डॉक्टरांना दाखवा.

घरी ज्यांच्याकडे हीटर आहे त्यांनी आज रात्री एवढं करा. अर्धा तास चालवा, भिंतीवरचं बटण बंद करा, आणि प्लगच्या अंगावर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर उद्या वायरमन बोलवा आणि तोवर तो सॉकेट वापरू नका. हा प्लग इथे टेबलावर ठेवतोय. जाताना हातात घ्या आणि पिनांच्या बुडाशी बघा.