किताब गेल्यावरचा स्मिस्लॉव्ह

(पडवी. पन्हळीचं पाणी चिऱ्यांवर पडतंय.)

मालवणजवळचं एक गाव. शनिवारची दुपार. सतरंजीवर बुद्धिबळाचे पट मांडलेत आणि पोरं त्यांच्यावर ओणवी झालीत. गुरुजी भजनीबुवाही आहेत, त्यामुळे पेटी हाताशीच असते. आजचा खेळाडूही गाणारा.

वासिली स्मिस्लॉव्ह. आवाज बॅरिटोन. मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरच्या चाचणीत तो निवडला गेला नाही. १९५७ साली तेव्हाच्या जगज्जेत्या बोटविनिकला हरवून जगज्जेता झाला, आणि १९५८ मध्ये परतीच्या सामन्यात किताब गेलाही. पुष्कळ जण त्याचं नाव इथेच सोडून देतात. गुरुजी इथून सुरुवात करतात.

(गुरुजींचा हात. घोडा उचलतात, पुन्हा ठेवतात.)

“अरे, घोडो खंय बसतलो ता आधी बघ.”

स्मिस्लॉव्हच्या डावात आरडाओरडा नसतो. सोंगट्या आपापल्या जागी जातात, वजिरा-वजिरी होते (दोघांचेही वजीर मारले जातात), पटावर थोडीच प्यादी उरतात, आणि समोरच्याला कळतं की आता हलायला चांगली जागाच नाही. हे कसब किताबाबरोबर जात नाही. उलट पुढची पंचवीस वर्षं तो त्यावरच उभा राहिला.

(भोवरा. जवळून.)

हा सावंतवाडीचा लाकडी भोवरा. बुद्धिबळाच्या वर्गात भोवरा कशाला, तर १९८३ साठी. ऑस्ट्रियातलं वेल्डेन. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार, हे ठरवणाऱ्या सामन्यांची उपउपांत्य फेरी. समोर जर्मनीचा रॉबर्ट ह्यूबनर, वय ३४. स्मिस्लॉव्ह ६२. दहा डाव झाले, बरोबरी. आणखी चार झाले, ७–७. नियमांत पुढचा उपाय होता चिठ्ठीसारखा नशिबाचा कौल, आणि तो लागला कॅसिनोतल्या रुलेटवर, म्हणजे लाल-काळ्या आकड्यांच्या फिरत्या चाकावर! स्मिस्लॉव्हचा रंग लाल. चेंडू फिरला आणि पडला शून्यावर. शून्य ना लाल, ना काळं. पुन्हा फिरवला. लाल तीन.

(भोवरा आडवा पडतो. पोरं ओरडतात.)

नशीब म्हणा हवं तर. पण ६२व्या वर्षी चौदा डाव बरोबरीत ठेवल्याशिवाय माणूस त्या चाकापर्यंत पोचत नाही. आणि पुढच्या फेरीत, लंडनला, चाक नव्हतंच. हंगेरीच्या झोल्टान रिब्लीला त्याने ६½–४½ असं पटावर हरवलं.

१९८४ मध्ये विल्नियसला याच सामन्यांच्या अंतिम फेरीत कास्पारोव्हने त्याला ८½–४½ ने हरवलं.

(भिंतीवर आनंदचं कात्रण.)

आनंदचं पोरांना सांगावं लागत नाही. २०१३ ला चेन्नईत कार्लसनकडून किताब गमावला, २०१७ ला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रियाधमध्ये जागतिक रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची स्पर्धा, जिंकली.

(मागच्या पटावर दोन म्हातारे. चहाचे पेले.)

आपल्याकडे स्पर्धा म्हटली की पत्रकावर वयोगट सगळे पोरांचेच. मोठ्यांनी खुर्च्या मांडायच्या, बक्षिसं द्यायची. हे दोघे मात्र गुरुजींच्या पोरांशी खेळतात, आणि एंडगेमला, म्हणजे पटावर थोड्याच सोंगट्या उरल्यावर, पोरांना घाम फोडतात.

स्मिस्लॉव्हने १९९१ ला ज्येष्ठांचं जगज्जेतेपद मिळवलं. पुढे दृष्टी जवळजवळ गेली, तरी तो एंडगेमच्या रचना, म्हणजे सोडवायची कोडी, करतच होता.

गुरुजींचा वर्ग दर शनिवारी असतो. मोठ्यांनीही यावं, पट तिथे आहेत.