व्हॅन गॉगची सूर्यफुलं: कानाची गोष्ट जरा बाजूला ठेवू या

नमस्कार मंडळी! चित्रकार व्हॅन गॉगचं नाव काढलं की आधी कानाची गोष्ट निघते: त्याने स्वतःचाच कान कापला होता. मग सूर्यफुलांकडे बोट दाखवून म्हणायचं, "बघा, किती सैरभैर माणूस!"

अहो, तारखा तरी बघा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं हे चित्र ऑगस्ट १८८८चं. कानाचा प्रकार घडला डिसेंबरात. ऑगस्टमध्ये स्वारी दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला होती, आणि खुशीत होती. पिवळं घर भाड्याने घेतलेलं, चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार, त्याच्यासाठी घर सजवायचं. फुलं लवकर माना टाकतात, म्हणून हा सूर्य उगवल्यापासून ब्रश घेऊन बसायचा.

(स्क्रीनवर पूर्ण चित्र)

पिवळी भिंत, पिवळं टेबल, पिवळी फुलदाणी, पिवळी फुलं. खरं तर सगळ्याचा लगदा व्हायला हवा होता. का झाला नाही?

(फुलदाणी जवळून)

मागची भिंत फिकट, खालचं टेबल गडद. फुलदाणीत बरोब्बर उलटं: वरचा भाग गडद, खालचा फिकट. त्यामुळे ती दोन्हीकडे उठून दिसते, तेही सावलीचा आधार जवळपास न घेता. सैरभैर डोक्याला हा हिशेब सुचत नाही. आणि सही कुठे? कोपऱ्यात नाही, थेट फुलदाणीवर: 'व्हिन्सेंट', म्हणजे त्याचं पहिलं नाव.

(फुलाचा मधला भाग जवळून)

इथे रंग इतका जाड की ठिपके अक्षरशः वर आलेत. हात लावावासा वाटतो. लावू नका, गार्ड धावत येईल!

आता फुलं. काही ऐन बहरात, काहींच्या पाकळ्या पार गळलेल्या. हे मृत्यूचं प्रतीक, असं बरेच जण सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. लातूर-सोलापूरकडच्या सूर्यफूल शेतकऱ्याला विचारा: पाकळ्या झडल्या म्हणजे कणीस दाण्याने भरत आलं, काढणी जवळ आली. १८९०च्या एका पत्रात व्हिन्सेंटने स्वतःच या चित्रांचा संबंध कृतज्ञतेशी जोडलाय.

एक सावधगिरी मात्र बाळगा. त्याने वापरलेला क्रोम यलो हा पिवळा रंग उजेडाने हळूहळू तपकिरी पडतो. तेव्हा 'उदास छटा' वगैरे म्हणण्याआधी थोडा दोष रसायनशास्त्रालाही द्या.

याच ऑगस्टमधलं दुसरं चित्र म्युनिकला आहे, त्याची पार्श्वभूमी निळसर हिरवी. दोन्ही शेजारी लावून बघा आणि कोणतं जास्त गरम वाटतं ते कमेंटमध्ये लिहा. माझं मत लंडनला!