कोरस कोण गातंय? कोरियन पॉपची अलीकडची काही गाणी

(पडद्यावर: गुलाबी भिंत, ड्रमसेट, दोनच माणसं)

१८ ऑक्टोबर २०२४. कोरियातल्या चार गायिकांच्या ब्लॅकपिंक या गटातली रोझे आणि अमेरिकन गायक ब्रुनो मार्स यांचं ‘एपीटी’ आलं. गाणं पुरतं तीन मिनिटांचंही नाही. कोरियात मित्रमंडळी प्यायला बसली की एक खेळ रंगतो. सगळे हातावर हात रचतात. एक जण आकडा सांगतो. मग तळाचा हात काढून वर ठेवायचा, पुन्हा तळाचा, पुन्हा वर, असं मोजत जायचं. तो आकडा ज्याच्या हातावर येईल, त्याने ग्लास रिकामा करायचा. खेळ सुरू करताना सगळे एका तालात जे ओरडतात, तोच या गाण्याचा कोरस, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं धृपद. कोरियन येत नसलं तरी दुसऱ्या फेरीला आपण सोबत म्हणू लागतो.

तीनच दिवसांनी एस्पा या चौघींच्या गटाचं ‘व्हिपलॅश’ आलं. कोरडा, धडधडता टेक्नो ठेका आणि चाल जवळजवळ नाहीच. तरीही ते मला फार आवडतं, कारण चौघींचे आवाज तालवाद्यासारखे वापरलेत. शब्द तुटक, पण प्रत्येक शब्द ठेक्यात नेमका बसलेला.

(पडद्यावर: गोयांगचं स्टेडियम, रात्र)

जुलै २०२५ मध्ये ब्लॅकपिंकने कोरियातल्या गोयांग शहराच्या याच स्टेडियममध्ये ‘जंप’ पहिल्यांदा सादर केलं. २०२३ नंतरचं त्यांचं हे पहिलं एकत्र गाणं. सुरुवातीची गिटार झकास, उत्सुकता ताणत नेणारी. पण कोरस येतो आणि चौघी मागे सरतात, पुढे उरतो तो फक्त हार्डस्टाइलचा, म्हणजे वेगवान, जड ठेक्याच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा दणका. स्टेडियममध्ये त्यावर हजारो लोक उड्या मारतात, हे खरं. पण हेडफोन लावून ऐकताना, ज्यांच्यासाठी गाणं लावलं त्याच ऐन मोक्याला गायब झाल्याचं जाणवतं.

आता त्याच उन्हाळ्यातलं ‘गोल्डन’ ऐका. ‘केपॉप डेमन हंटर्स’ या ॲनिमेशनपटातलं. गायलंय ईजे, ऑड्री नूना आणि रेई आमी यांनी. ईजे लहानपणी एसएम या पॉप गायक घडवणाऱ्या कोरियन कंपनीत दाखल झाली, अनेक वर्षं तिथे शिकली, पण तिला मंचावर आणलंच गेलं नाही. मग ती गाणी लिहू लागली. रेड व्हेल्वेट या गायिकांच्या गटाच्या २०१९ मधल्या ‘सायको’ या गाण्याच्या गीतकारांत ती आहे. ‘गोल्डन’चा कोरस पायरी पायरीने वर चढतो आणि इतक्या उंच सुरावर पोहोचतो की सोबत गाणाऱ्या बहुतेकांचा गळा तिथे फाटतो. तरीही लोक गातात. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत हे गाणं एकूण ८ आठवडे पहिलं होतं.

आणि खुद्द कोरियात? तिथे वुड्झ या गायकाचं ‘ड्राउनिंग’ हे २०२३ मधलं रॉक गाणं २०२५ मध्ये तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वर चढलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सैन्यात सेवेत असताना, त्याने ते गणवेशात टीव्हीवर गायलं होतं. नाच नाही, भपका नाही. एक माणूस माइकसमोर उभा राहून जीव तोडून गातोय. ती चित्रफीत हातोहाती पसरली आणि लोकांनी मूळ गाणं शोधून काढलं.

निर्मात्यांनी ‘गोल्डन’ आणि ‘ड्राउनिंग’ ही दोन गाणी कान देऊन ऐकावीत. ठेका हवाच, तो या संगीताचा प्राण आहे. पण रोझेसारखा गळा हाताशी असताना ब्लॅकपिंकच्या पुढच्या गाण्याचा कोरस तिने गावा, पूर्ण गावा.