खोलीत माणसं दोन, राहणारे चौघं

श्रोतेहो, नमस्कार.

स्वतःला ओळखायचं म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे एकटा माणूस येतो. डोळे मिटलेले, पाठ ताठ, आजूबाजूला चिटपाखरू नाही. नवरा, जाऊ, दीर, शेजारीण ही मंडळी त्या चित्रात कुठेच नसतात. ती साधनेतली अडचण, असं आपण धरूनच चालतो. मला आज उलटं म्हणायचं आहे. ही मंडळी अडचण नाहीत. आपण कोण आहोत, हे कळायचं असेल तर ते यांच्याच पायी कळतं.

आपल्याकडे हे फार जुनं आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघतात आणि मैत्रेयी-कात्यायनी या दोघी बायकांत मालमत्तेची वाटणी करायला घेतात. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सगळी पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन का? ते म्हणतात, नाही. आणि मग सांगतात, की नवरा प्रिय वाटतो तो नवऱ्यासाठी नाही, आत्म्यासाठी. बायको तशीच, मुलं तशीच, धनही तसंच. म्हणजे बघा, आत्म्याची गोष्ट निघाली ती वाटणीच्या बैठकीत. कात्यायनीला मात्र त्या सगळ्यात एक वाक्यही नाही. तिच्या वाट्याला काय आलं, तिला काय वाटलं, कोणी विचारत नाही. प्रवचनकारही तिला ओलांडूनच पुढे जातात. हा माझा जुना राग आहे, असो.

अलीकडच्या काळात तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींनी हेच लावून धरलं. 1929 साली हॉलंडमधल्या ओमेनला त्यांनी स्वतःभोवती उभी राहिलेली संघटना स्वतःच विसर्जित केली, आणि पुढे आयुष्यभर सांगत राहिले, की नातं हा आरसा आहे.

पण तुम्हाला सांगायची आहे ती आमच्या मामाजींची गोष्ट. मामाजी म्हणजे माझे सासरे. रेल्वेतून रिटायर झाले, नागपूरच्या महाल भागात राहतात. एका हिवाळ्यात त्यांनी मनावर घेतलं आणि माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रात 10 दिवसांच्या विपश्यनेच्या, म्हणजे बुद्धाने शिकवलेल्या ध्यानाच्या, शिबिराला गेले. नागपूरकरांना हे केंद्र नवीन नाही. कोणाच्या ना कोणाच्या घरचं कोणीतरी तिथे जाऊन आलेलं असतं. फी नाही, मोबाइल पहिल्याच दिवशी जमा, पहाटे 4 वाजता घंटा. आणि आर्य मौन. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, चिठ्ठी नाही. मौन सुटतं ते थेट दहाव्या दिवशी.

मामाजींच्या खोलीत आणखी एक जण होता. चाळिशीचा, अंगाने आडवा. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, कारण विचारायचीच सोय नाही. या माणसाजवळ एक प्लास्टिकची पिशवी होती. रात्री दिवा गेला, की अंधारात ती पिशवी वाजायची. चुर्र, चुर्र, चुर्र. मग शांत. पहाटे घंटेबरोबर पुन्हा चुर्र, चुर्र.

आता शिबिरात नव्या साधकाला संध्याकाळी मिळतात मुरमुरे, एखादं फळ, चहा. रात्रीचं जेवण नाही. मामाजींनी निकाल लावून टाकला: हा लपून चिवडा खाऊन राहिला. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या माणसाचं सगळं चरित्र त्यांच्याजवळ तयार होतं. दुकानदार असणार. मापात मारत असणार. घरात बायकोला पोटभर जेवू देत नसणार. ध्यानाच्या हॉलमध्ये श्वासावर लक्ष ठेवायचं, तर यांचं लक्ष त्या पिशवीवर. मामाजी सूड म्हणून काय करायचे, तर पहाटे उठल्याबरोबर मोठ्याने खाकरायचे. त्याला समजलं पाहिजे!

दहाव्या दिवशी मौन सुटलं. अंगणात सगळीकडे एकदम कलकलाट. तो माणूस हात जोडून मामाजींपुढे उभा. म्हणाला, "काकाजी, माझं काही चुकलं का जी? तुम्ही सकाळी खाकरले, की मले छातीत धस्स होते. माझा बाप असाच खाकरे, मारायच्या आधी. दहा दिवस झोपलो नाही मी धड."

तो हिंगणघाटकडचा मास्तर निघाला. मामाजी क्षणभर गप्प. मग त्यांनी विचारलंच, "बाकी राहू दे. त्या पिशवीत काय आहे बाप्पा?"

त्याने पिशवी उघडून दाखवली. कानटोपी! रात्री थंडी वाजायची म्हणून काढायचा, पहाटे घडी करून ठेवायचा.

मामाजी घरी आले ते हसत आले, पण जेवताना खरी गोष्ट बोलले. म्हणाले, "तो मास्तर नव्हताच माझ्या डोक्यात. तिथे दादा होता." दादा म्हणजे मामाजींचे थोरले भाऊ. लहानपणी दोघं भाऊ एकाच खोलीत झोपायचे आणि दादा रात्री अंथरुणात कागदाच्या पुडीतून फुटाणे खायचे. धाकट्याला एक दाणा दिला नाही. पुढे वाड्याची वाटणी झाली, रस्त्याकडची बाजू दादांकडे गेली, ती त्यांनी बिल्डरला दिली, बोलणं बंद झालं. बाजूला जाऊन एक सांगते, या वाटण्यांनी महालातले वाडे गेले आणि वाड्यांबरोबर ओसऱ्या गेल्या. ओसरीवर भांडलेली माणसं निदान संध्याकाळी समोरासमोर तरी येत. फ्लॅटचं दार एकदा लागलं की लागलं.

तर माहुरझरीच्या त्या खोलीत माणसं होती दोन, आणि राहत होते चौघं. मास्तर आणि मास्तरचा बाप, मामाजी आणि मामाजींचे दादा. एक शब्द न बोलता एवढं मोठं वैर झालं. वैराला समोरच्या माणसाची गरजच लागली नाही.

याचं कारण विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका सांगून गेलेत, त्या शिबिरात त्यांची रेकॉर्ड केलेली प्रवचनं ऐकवतात. हे गोयंकाजी 1924 साली ब्रह्मदेशात, मंडालेला जन्मलेले. ब्रह्मदेशातच सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले, 1969 साली भारतात आले. त्यांचे गुरू सरकारच्या हिशेब खात्यातले मोठे अधिकारी होते, नोकरी करून शिकवत. साधनेला वेळ नाही म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. तर मनाचे चार भाग: विज्ञान, संज्ञा, वेदना, संस्कार. कानावर आवाज आला, एवढंच विज्ञान. हा कसला आवाज, बरा की वाईट, हे ठरवते संज्ञा, आणि ती ठरवते जुन्या आठवणींवरून. मग अंगात वेदना उठते, वेदना म्हणजे इथे संवेदना, सुखाची किंवा दुःखाची. आणि चौथा संस्कार, हवं-नको. पुन्हा सांगते. आवाज नवा असतो, ओळख जुनी असते. आवाज नवा, ओळख जुनी. साधना करायची ती तिसऱ्या पायरीवर. छातीत धस्स झालं, कानशिलं तापली, तर ते नुसतं बघायचं. चौथ्या पायरीवर पाय पडायच्या आत.

दीक्षाभूमीच्या गावात हे मी नव्याने सांगावं असं नाही. पण बुद्धाचा हा भाग घरात, जेवताना, सुनेशी बोलताना वापरायचा असतो, हे आपण विसरतो.

त्या रात्री सासूबाई वाढत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या मास्तरात तुम्हाले दादा दिसले. मग इतकी वर्षं माझ्यात कोण दिसून राहिलं?"

मामाजींनी वरण मागितलं.

मास्तरचा फोन येतो अधूनमधून. दादा कामठीला असतात. मामाजी अजून गेले नाहीत. विचारलं तर म्हणतात, "जाईन ना, घाई कायची आहे?" सासूबाईंनी मात्र त्यांना न विचारता कामठीला दोनदा तिळगूळ पाठवला.

वेळ संपली. नमस्कार.