आधी रुंद तोंडाची बाटली

मंडळी, पत्रिकेवर विषय दणदणीत छापलाय: 'गर्भपाताचं निदान आणि संगणक'. संगणकाकडे येणारच आहे. पण आधी बाटली. बेळगावातल्या कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला विचारा, हे दुखणं निघणारच.

गर्भ पडला, पिशवी साफ केली, की निघालेलं मांस तपासायला पाठवायचं असतं. कधी ते येतच नाही. 'पडलं ते पडलं, आता कशाला?' म्हणतात घरचे. खानापूर-चिक्कोडीकडून आलंच तर सलाईनमध्ये, म्हणजे वाटेतच पेशी खराब व्हायला सुरुवात. आणि फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावणात, आलं तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून! घालताना मऊ असतं, सुळकन आत जातं. फॉर्मॅलिनने घट्ट झालं की बाहेर येता येईना. चिमट्याने ओढलं तर वारेचे नाजूक अंकुर तुटतात, म्हणून आमचा टेक्निशियन फडक्यात गुंडाळून बाटलीच फोडतो. एकदा काचेची कपची मांस बसवतात त्या मेणाच्या ठोकळ्यात राहिली आणि पातळ काप काढणाऱ्या मायक्रोटोमचं पातं गेलं. पाठवणाऱ्यांना फोन केला, तर म्हणतात, "सर, तुमच्याकडं आता कॉम्प्युटर हाय न्हवं?" हसा, हसा. चिठ्ठीवर नवऱ्याचं नाव, मोबाइल नंबर, सगळं. दिवस किती गेले होते, तेवढंच नाही.

एवढा आटापिटा कशासाठी? पहिल्या तिमाहीतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. सून जिना चढली म्हणून नव्हे. मागच्या रांगेतल्या सासूबाईंनी लिहून घ्यावं. पण त्यातच एखादा द्राक्षगर्भ निघतो, म्हणजे वारेचे अंकुर पाण्याने फुगून द्राक्षांसारखे होत जातात तो बिघाड. तो पूर्ण प्रकारचा असेल तर साधारण १५ ते २० टक्के बायकांमध्ये पिशवी साफ केल्यावरही रोग मागे राहतो. वेळेत कळलं तर औषधांनी बरा होतो. म्हणून रक्तातलं एचसीजी, म्हणजे वारेच्या पेशींचं संप्रेरक, नॉर्मल होईपर्यंत, आणि पुढेही काही काळ, तपासत राहायचं. पूर्वी पाण्याने भरलेले घोस डोळ्यांनी दिसायचे. आता सोनोग्राफीत आठव्या-नवव्या आठवड्यातच पकडतात, तेव्हा घोस धरलेलेच नसतात. अर्धवट द्राक्षगर्भ आणि नुसता सुजलेला अंकुर यांत तर दोन मुरलेले पॅथॉलॉजिस्टही दोन मतं देतात. (आमच्यात तर एकाचीच दोन होतात, चहाआधी आणि चहानंतर.)

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं, संगणक.

स्लाइड स्कॅन होते, ४० पटीला एक पिक्सेल साधारण पाव मायक्रॉनचा. त्या अजस्र चित्राचे लहान चौकोन पाडतात. प्रोग्रॅम प्रत्येक अंकुर शोधतो, त्याचं क्षेत्रफळ, कडेचा वाकडेपणा, भोवतीच्या ट्रोफोब्लास्टची, म्हणजे अंकुरावरच्या पेशींच्या थराची, वाढ मोजतो आणि संशयाच्या जागा रंगवून दाखवतो. शेकडो अंकुर न कंटाळता बघतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्याला शिकवायचं कुणाच्या उत्तरांवर? आमच्या मतांवर शिकवलं तर आमचे वादच पाठ करील. उत्तर पी५७ आणि गुणसूत्रांवरून हवं. पी५७ आईकडच्या जनुकाचं प्रथिन; ते असेल तिथे खास तपासणीत रंग चढतो. पूर्ण द्राक्षगर्भात केंद्रकातला डीएनए सगळा बापाचा, म्हणून अंकुरांच्या पेशी रंग घेत नाहीत. अर्धवटात गुणसूत्रं ६९, म्हणजे दोनऐवजी तीन संच, त्यात आईचा एक संच असतो, म्हणून रंग येतो. तिथे नुसत्या पी५७ने भागत नाही, संच मोजावेच लागतात. शिवाय प्रत्येक लॅबच्या स्लाइडचा गुलाबी-जांभळा रंग वेगळा. परगावच्या स्लाइडांवर शिकलेला प्रोग्रॅम आपल्याकडे घेताना आपल्याच स्लाइडांवर पारखून घ्यायचा. त्याने बोट दाखवलं की पी५७ लावायचं, सही आपण करायची. तो काही बोलला नाही, पण एचसीजी उतरत नाही, तर एचसीजीचं ऐकायचं.

हं, तिसऱ्या रांगेतल्या ताई, विचारा.