किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्याकडे

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईहून गाडीनं गोव्याला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "किती तास लागतात?" हा प्रश्न महामार्गाचा आहे, ६६ नंबरच्या. त्या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि त्याबद्दल मी आज काही बोलणार नाही, कारण मला पंधराच मिनिटं मिळाली आहेत.

आज बोलायचंय ते दुसऱ्या रस्त्याबद्दल. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं जाणारा, सागरी महामार्ग म्हणतात तो. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून आपण त्याच्याबद्दल ऐकत आलोय. नाव महामार्ग असलं तरी कित्येक ठिकाणी समोरून एसटी आली की आपण गाडी गडग्याला चिकटवून उभं राहायचं. आणि मुख्य म्हणजे हा रस्ता सलग नाही. मध्येमध्ये खाड्या आहेत. काहींवर पूल आहेत, काहींवर नाहीत, आणि जिथं पूल नाही तिथं गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे न्यायची. म्हणून या रस्त्याची आखणी करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आधी खाड्या मोजा, किलोमीटर नंतर. पुन्हा सांगतो, आधी खाड्या, मग किलोमीटर.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. मुंबईतून निघताना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, २०२० पासून. तासाभरात गाडीसकट मांडव्याला. पनवेल-पेणचा सगळा वळसा वाचतो. पुढं अलिबाग, रेवदंडा, मुरूड. मुरूडच्या पुढं राजपुरीची खाडी, तिथं आगरदांडा ते दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून सावित्रीचं मुख, बाणकोटची खाडी. तिथं बागमांडला ते वेसवी. खाली आंजर्ले, हर्णै, दापोलीचा पट्टा, आणि मग वाशिष्ठी. दाभोळ ते धोपावे. तिथून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, आणि शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड. म्हणजे रो-रो सोडून चार बोटी झाल्या. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. जयगडच्या पुढं पार रेडीपर्यंत गाडीला बोट लागत नाही. थोडंफार आत शिरून का होईना, पूल आहेत.

या चार ठिकाणीही पूल व्हायचे आहेत. ते झाले की आमच्यासारखे लोक हळहळतील, फेरीबोटीची मजा गेली म्हणतील. मी नाही हळहळणार. पलीकडच्या गावातल्या अडलेल्या बाईला रात्री दोन वाजता ती मजा नको असते.

असो. तर बोटी झाल्या. दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. वर्तमानपत्रात वेळा येतात, फोनवरही दिसतात, पण आपल्याकडे त्याचा एक जुना हिशोब आहे. दिनदर्शिकेत तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. शुद्ध असो की वद्य असो. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा-सव्वासहा तासांनी भरती. तिथीची पाऊणपट, लक्षात राहील? हा अंदाज मुंबईकडचा. रत्नागिरी, मालवणकडे उतरलात की भरती थोडी आधी येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी पार वर चढतं आणि ओहोटीला तेवढंच आतही जातं. अष्टमीला भांग, तेव्हा फार हालचाल नाही.

आता हे का सांगतोय, तर त्यावरून मला आमच्या भावोजींची गोष्ट सांगायचीय. खरं म्हणजे हे भाषण मी त्या गोष्टीसाठीच घेतलं.

आमचे भावोजी बँकेतून निवृत्त झालेले. मे महिन्यात ताई, भावोजी, दोघांची नातवंडं आणि आम्ही दोघं असे गुहागरहून गणपतीपुळ्याला निघालो होतो. सहलीचा कार्यक्रम भावोजींनी आखलेला. नुसता आखलेला नाही, टाइप करून, प्रिंट काढून, लॅमिनेशन केलेला. तारीख, स्थळ, आगमन, प्रस्थान, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात "चहा" असं चार ठिकाणी छापलेलं. त्या दिवशीची पहिली नोंद होती, "हेदवी, बामणघळ, नऊ ते साडेनऊ." बामणघळ म्हणजे हेदवीच्या किनाऱ्यावर खडकात पडलेली उभी भेग. भरतीच्या वेळी लाट तिच्यात घुसते आणि पाणी उंच फवाऱ्यासारखं वर उडतं. आम्ही बरोबर नऊला पोचलो. पंचमी होती. पाचाची पाऊणपट करा, पावणेचार. म्हणजे नऊला काय? नऊला ओहोटी. भेग कोरडी, तळाशी थोडं पाणी, आणि त्यात एक खेकडा. नातवंडांनी खेकडा बघितला. भावोजींनी साडेनऊपर्यंत वाट बघितली, कारण कागदावर साडेनऊ होते.

तिथून तवसाळ. दहा चाळीसची बोट. धक्क्यावर आमच्यापुढं गाड्यांची रांग, आणि रांगेत वऱ्हाड. नवऱ्याकडची मंडळी अलीकडची, मुलगी जयगडच्या बाजूची. दोन जीपा, एक टेम्पो, टेम्पोत आंदण-बिंदण नाही, नुसती माणसं. बोट आली. बोटीवरचा माणूस बोटानं गाड्या मोजत मोजत मागं आला आणि आमच्यापाशी थांबला. "ही शेवटची." म्हणजे आमची गाडी बसणार, मागची राहणार. आणि मागची म्हणजे नेमकी नवऱ्याची जीप. ते वाटेत देवाला नारळ ठेवायला थांबले होते, म्हणून वऱ्हाड पुढं आणि नवरदेव मागं.

मागच्या जीपमधून नवऱ्याची आत्या उतरली. काठापदराची साडी, हातात पितळी डबा. तिनं भावोजींच्या खिडकीवर टकटक केलं.

"तुमी खंय चाललात म्हनायचे?"

"गणपतीपुळ्याला. आमचा कार्यक्रम ठरलेला आहे." भावोजींनी तो लॅमिनेशनचा कागद काचेतून दाखवला.

आत्यानं कागद बघितला. "गणपती काय पळान नाय जात," ती म्हणाली. "तो पुळ्यातच हाय. म्हूर्त जातो."

गाडीत शांतता. मला वाटलं, आता भावोजी रांगेचे नियम सांगणार. बँकेत त्यांनी आयुष्यभर तेच केलं. पण त्यांनी विचारलं, "मुहूर्त कितीचा?"

"बारा सतराचा."

"लग्नघर किती लांब?"

"जयगडच्या धक्क्यावरनं धा मिन्टं."

भावोजींनी खिशातून पेन काढलं आणि त्या कागदावरच हिशोब मांडायला लागले. लॅमिनेशनवर पेन उठेना. मग तळहातावर मांडला. पुढची बोट अकरा चाळीसला, पलीकडे बाराला, मांडवात बारा दहाला. राहिली सात मिनिटं. त्यात सीमांतपूजन, कपडे, मुंडावळ्या. "अशक्य," ते म्हणाले आणि दार उघडून खाली उतरले. बोटीवरच्या माणसाला म्हणाले, "आमची गाडी मागं घ्या, यांची पुढं." आणि आत्याला म्हणाले, "तुमच्यात घड्याळ कोण बघतंय?"

आत्यानं इकडंतिकडं बघितलं. कोणीच बघत नव्हतं, हे उघड होतं.

"मग मी येतो," भावोजी म्हणाले, आणि नवऱ्याच्या जीपबरोबर चालत बोटीवर चढले. ताई गाडीतून हाका मारतेय, "अहो! अहो!" बोटीची फळी वर झाली. भावोजी गेले.

आम्ही तासभर धक्क्यावर. ओहोटीचा चिखल उघडा पडलेला. त्यात निवट्या इकडून तिकडे उड्या मारत होत्या. निवटी म्हणजे चिखलात राहणारा मासा, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रेटत रेटत चालतो. नातवंडांचा वेळ झकास गेला. एक बाई करवंदं विकत होती, पानाच्या द्रोणात. ताई करवंदं खाईना. "लोकांचे नवरे पोचवायला गेलाय," एवढंच मधूनमधून म्हणायची.

अकरा चाळीसच्या बोटीनं पलीकडे गेलो. भावोजींचा फोन लागेना. धक्क्यावर विचारलं, "लग्नघर कुठं?" एका पोरानं सांगितलं, "ते घड्याळवाले काका गेले तिकडंच ना?" म्हणजे तासाभरात नाव पडलं होतं. त्या पोरालाच गाडीत घेतलं. मांडवात पोचलो तर मंगलाष्टकं संपत आलेली. अंतरपाटाच्या एका बाजूला भटजी, आणि त्यांच्या शेजारी आमचे भावोजी. पँट-शर्ट, डोक्याला कुणीतरी बांधलेला फेटा, डोळ्यांसमोर मनगट. भटजींनी "सावधान" म्हणून श्वास घेतला, सनईवाल्यानं सनई तोंडाला लावली, आणि भावोजींनी हात वर केला.

"थांबा. अजून चाळीस सेकंद."

सगळा मांडव अक्षता मुठीत धरून चाळीस सेकंद उभा. भटजींनी एक जादा अष्टक म्हटलं. मग भावोजींनी हात खाली घेतला आणि अंतरपाट निघाला.

जेवूनच सोडलं आम्हाला. फणसाची भाजी, वालाची उसळ, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. पंगतीत आत्या स्वतः आग्रह करत होती, भावोजींना सर्वांत जास्त. पुळ्याला पोचायला संध्याकाळ झाली. गणपती पुळ्यातच होता.

बरं, मला खूण केलीय, वेळ थोडा राहिलाय. तर भराभर सांगतो.

दिवसाला एकच खाडी धरा, फार तर दोन. फेरीबोट साधारण पाऊण-एक तासानं असते, पण वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. निघण्यापूर्वी धक्क्यावर फोन करा. शेवटची बोट कधी, हे आधी विचारा. ती चुकली की आत महामार्गापर्यंत जाऊन पुन्हा खाली उतरायचं, तेही अंधारात घाटानं. शनिवार-रविवार आणि नाताळच्या सुटीत रांग मोठी, म्हणून बोट सकाळची धरा. मुक्काम खाडी ओलांडून करा, अलीकडे नको. पुन्हा सांगतो, मुक्काम खाडीच्या पलीकडे.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राकडच्या खडकांवरून आहे. ती ओहोटीलाच करायची, भरतीला तिथं उतरायचंच नाही. बामणघळ भरतीला. एका दिवशी दोन्ही धरणार असाल तर तिथी बघा.

मासे खायला जाणार असाल तर जून-जुलै टाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, ताटात येतो तो बर्फातला. जंजिऱ्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या होड्याही पावसाळ्यात बंद. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी गावी असतात, खोल्या मिळत नाहीत. पण शिमग्याला पालख्या नाचतात, तेव्हा आधी व्यवस्था करून जरूर जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेसवीला उतरल्यावर वेळास जवळ आहे, समुद्री कासवांची पिल्लं पाण्यात सोडतात ते बघायला मिळतं.

जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा. घरगुती खानावळीत माणसं मोजून भात लावतात. आणि कृपा करून पनीर मागू नका. तिथल्या बाईला ते करता येतं, तुम्ही मागता म्हणून ती करते, आणि तिच्या परसात बिरड्याला, म्हणजे वालाला, मोड आलेले असतात. हॉटेलात पोहण्याचा तलाव आहे का, असंही लोक विचारतात. समोर समुद्र आहे!

पेट्रोल अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा मोठ्या गावांत भरून घ्या. मधल्या पट्ट्यात काटा अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. रोख पैसे, सुटे, जवळ हवेत.

रत्नागिरीच्या पुढचा भाग, पूर्णगड, आडिवरे, कशेळीचा कनकादित्य, विजयदुर्ग, कुणकेश्वर, आचरा, त्याबद्दल बोलायचं राहिलंच. ते पुढच्या वेळी. रेडीच्या गणपतीपासून तेरेखोलचा किल्ला जवळच, आणि किल्ल्याखालून केरीला जायला पुन्हा एक फेरीबोट आहे. ती गोव्याची. तिचीही वेळ विचारून ठेवा.

नमस्कार.